फटफटीच्या चाकात सरकी

आता हसू नका बरं, आधी चहा घ्या. बोरीच्या वेशीत माझी इज्जत कशी सांडली, ते मी माझ्याच तोंडानं सांगायलोय.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या अख्ख्या झरी गावात फटफटी एकच, आन ती माझी! सिकंदराबादेहून लष्करातली जुनी आणलेली. माझी तीन स्थळं मोडली होती. चौथी पोरगी बोरीच्या देशमुखांची. "हे मोडलं तर मग तुझं तू बघ," असं बजावून मामा आदल्या दिवशीच बोरीला जाऊन बसले.

आन पोरगी बघायला निघायच्या सकाळी मागच्या चाकाची ट्यूब फाटली! मिस्त्री परभणीला. पण मी काय कमी शहाणा? चेन सैल होती, ती ओढून बसवली, तिला करडईचं तेल पाजलं. मग म्हशीसाठी भिजवलेली सरकी घेतली आन टायरात ठासायला बसलो.

वहिनी दारातनं ओरडल्या, "भावजी, ती फुगती बरं का!"

"फुगावी म्हणूनच तर भरायलोय! वारा भरायची झंझटच न्हाई."

"तुमचं डोस्कंच फुगलंय!"

पण खरं सांगू? गाडी लय झकास पळाली! विलायतेतल्या लोकांना हे कसं सुचलं न्हाई, असं म्हणत मी मिशीला पीळ दिला.

तिकडं सरकी आतल्या आत फुगायलीच होती. बोरीच्या वेशीत टायर एका कडेनं उसवलं आन सरकी भुरूभुरू सांडायला लागली. मला काय पत्ता! मागं आरडाओरडा ऐकला. वाटलं, लोक नवरदेव बघायला धावले.

वळून बघतो तर म्हशी! एक न्हाई, दहा-बारा! सरकी टिपत टिपत माझ्या मागं! त्यांच्या मागं गुराखी, "ओ पाव्हणं, म्हशी कुठं न्यायलात?"

कसाबसा देशमुखांच्या दारात थांबलो. उतरून पळावं म्हटलं, तर धोतर चेनीत अडकलेलं! मी गाडीला बांधलेला, म्हशी टायर चाटायल्या, मामांनी कपाळाला हात लावलेला. आन पोरगी? दाराआडून तोंडात पदर कोंबून हसायली!

देशमुखांनी शांतपणे विचारलं, "पाव्हणं, तुमची गाडी सरकी खाती?"

"जी... रोज न्हाई. आजच."

गेलं हेही स्थळ, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. धोतर कात्रीनं कापून मला मोकळं केलं, तवर पोरीनं आतनं निरोप धाडला, "फटफटीला सरकी चारणारा माणूस बायकोला उपाशी ठेवायचा न्हाई. मला पसंत हाय."

मी लगेच फुशारलो, "मग वरात फटफटीवरनं काढू!"

देशमुख म्हणाले, "वरात बैलगाडीतनं निघंल. आन कासरा पोरीच्या हातात ऱ्हाईल."

तेव्हा जो दिला, तो अजून तिनं सोडला न्हाई.