गिरणीमागचं बाकडं

गावोगावच्या गटांना छोटी अनुदानं देणाऱ्या संस्थेत मी काम करतो. वडूजकडच्या एका महिला गटाने दमल्याभागल्या बायकांना टेकायला तीन बाकडी मागितली होती, गिरणीमागच्या कडुलिंबाखाली. मी ती चावडीपुढे बसवली, कारण तिथे संस्थेचा फलक रस्त्यावरून दिसतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या गटातल्या एका बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. ती उभ्यानेच बोलायची, एक हात गुडघ्यावर. बाकडी बघून एवढंच म्हणाली, "झ्याक हायती. पर थितं सासरं-दीर बसत्यात, सायेब. आमी कसं बसावं?"

पुढच्या वर्षी गेलो तर एक बाकडं कमी.

"चोरीला गेलं म्हना," ती म्हणाली आणि मला गिरणीमागे घेऊन गेली. कडुलिंबाखाली त्याच बाकड्यावर दोन म्हाताऱ्या पाय सोडून बसल्या होत्या. तीही बसली, गुडघा चोळत. सवयीने मी मोबाइल काढला.

"फोटू तेवढा काडू नगा. गड्यांनी बगितला तर उचलून न्हेत्याल."

मी मोबाइल खिशात ठेवला. ऑफिसात सांगितलं, तिन्ही बाकडी जागेवर आहेत. त्यातलं एक तर खरोखरच होतं.