सडैयनला जाळलं नाही

आम्ही विहिरी खणणारी माणसं. धर्मपुरीकडच्या तांबड्या मातीत आमचे पुरुष खणतात, बाया पाटीनं माती वर नेतात. बाईनं पहार धरायची नाही. कुप्पायीनं ती धरली, तो दिवस मी पाहिला आहे.

तिच्या नवऱ्याला, सडैयनला, पाण्याचा पंप चोरल्याच्या संशयावरून ठाण्यात नेलं होतं. परत आला तो कापडात गुंडाळलेला. छातीत कळ आली, असं पोलीस म्हणाले; शवविच्छेदनाच्या कागदातही तेच होतं. सासऱ्यानं, पेरियण्णननं, अंगठा उठवून देह घेतला. कामावरून पहारी-पाट्यांसकट तसेच मसणवटीत पोचलो तर सरण रचून तयार. लाकडं ठाण्यातून आली होती.

"एवढी माया कुठून फुटली यांना?" कुप्पायी म्हणाली. तिनं कापड सारून पाठीवरचे वळ पाहिले होते.

माझ्या फोनवरून तिनं तालुक्याच्या वकील तमिळरसींना गाठलं. त्यांचा आवाज आम्हा दोघांना ऐकू येत होता.

"जाळू नका. कोठडीत माणूस मेला की मॅजिस्ट्रेटला चौकशी करावीच लागते, तिथं तू जबाब दे. मी हायकोर्टात दुसरं शवविच्छेदन मागते. मानवाधिकार आयोगाकडेही जाऊ. पण राख झाली तर डॉक्टर काय तपासणार? पुरा."

आमच्यात पुरतात ते तान्ह्या लेकरांना. लग्न झालेल्या माणसाला अग्नीच.

पेरियण्णन भडकला. "दात न आलेल्या पोरासारखा मातीत टाकू त्याला? भावकीत तोंड कसं दाखवू?"

"मामंजी, तुमच्या तोंडाचं मागून बघू. आधी त्याची पाठ बघा."

म्हाताऱ्यानं मान फिरवली.

जीपला टेकलेला हवालदार पुढं आला. "आजोबा, उन्हं उतरली. उरका."

"तुमच्या घरचं कार्य आहे का साहेब? घाई तुम्हाला कसली?" कुप्पायी म्हणाली.

मागं कोणीतरी फसकन हसलं. हवालदारानं काठी बगलेतून काढली, तसं हसू विरलं. "आता खड्डा खणेल त्याचं नाव मी लक्षात ठेवीन," तो म्हणाला.

पुरुष जागचे हलले नाहीत. मीही नाही. मग कुप्पायीनं पदर खोचला आणि माझ्या खांद्यावरची पहार ओढून घेतली. पहिला घाव मुरमावर बसला, दुसरा बसला. लोखंडाचा तेवढा आवाज येत राहिला. बाया पुढं झाल्या आणि पाट्या भरू लागल्या. एवढ्या बायांवर काठी कशी उगारावी, हे हवालदाराला सुचेना. तो फोन लावत जीपकडे गेला. तोवर आम्हीही खड्ड्यात उतरलो होतो.

पेरियण्णन तेवढा बांधावर बसून होता. सुनेशी त्यानं बोलणं टाकलं.

हायकोर्टाचा हुकूम आला तेव्हा माती पुन्हा उपसली. दोन नवे डॉक्टर, मॅजिस्ट्रेट, कॅमेरावाला, सगळे नाकाला रुमाल लावून उभे.

"ओळख कोण पटवणार?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

कुप्पायी पुढं निघाली, पण म्हातारा तिच्याआधी काठावर पोचला.

"माझा पोरगा आहे," तो म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. "पाठ बघा साहेब. मी बघितली नव्हती."