भंडाऱ्याच्या पिशवीतल्या गोळ्या

बहात्तरच्या दुष्काळात बिराप्पाची मेंढरं गेली, पण पायांची चालायची खोड काही गेली नाही. पुढं सहकारी दूध संघाकडून दोन म्हशी दारात आल्या आणि तो रोज सकाळी दुधाची किटली डोक्यावर घेऊन खिंड चढू लागला. पलीकडच्या गावात संघाची गाडी यायची. त्याच खिंडीत एकदा छातीत कळ आली. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या बारीक झाल्यात. चढ लागला की रक्त पुरत नाही. चढाआधी ही गोळी जिभेखाली धरायची, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायचं.

बायकोचा, गजराबाईचा, काचेच्या बाटलीवर भरवसा नव्हता. माणूस ठेचकाळला आणि बाटली फुटली तर? तिनं गोळ्या बिरोबाच्या भंडाऱ्याच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी नवऱ्याच्या कमरेला बांधली. औषधही सोबत, देवही सोबत. एवढं करूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो खिंडीकडं वळला की ती चुलीपासून अंगणात, अंगणातून पुन्हा चुलीशी. भाकरी करपायच्या. तो परत दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घोट उतरत नसे.

महिन्याभरानं एके दिवशी तो दिसेचना, तशी ती पळत सुटली. बिराप्पा खिंडीच्या मध्यावर घामानं निथळत दगडाला टेकला होता. किटली मात्र शहाण्यानं नीट ठेवली होती.

"गोळी धरली का?"

"दोन धरल्या."

संघाच्या गाडीनं त्याला धाराशिवला नेलं. जीव वाचला. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गोळ्या पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, बाटलीबाहेर ठेवली की हिचा जोर उडून जातो. जिभेखाली चुरचुरायची थांबली, तेव्हाच यायचं होतं."

खाटेशी बसून गजराबाईनं नवऱ्याला विचारलं, "कवापास्नं चुरचुरत न्हवती?"

"झालं की पंधरा दिस."

"मग बोलला का न्हाय?"

बिराप्पानं तोंड भिंतीकडं वळवलं. "तू देवाचं नाव घिऊन बांधली व्हती. लागू व्हईना म्हणलं असतं, तर देव कोपला म्हणून तू आजूक झुरली असतीस. तसंबी तुला जेवण जात न्हवतं."

तिला राग आला आणि रडूही आलं. कोणतं आधी, ते तिलाच कळेना.

"तुमी मेला असता," ती म्हणाली, "आन् म्या जल्मभर देवालाच दोष दिला असता."