आवडामावशीच्या हातचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्याकडची मिरची अठ्ठावीस दिवसांची झाली तरी दोन बोटांच्या वर जाईना. चार पानं फुटली आणि रोपं तिथंच बसली. पानं बारीक, फिकी, कडेनं आत वळलेली. असं खुरटलेलं रोप शेतकरी फुकटसुद्धा नेत नाही. आणि आमच्या शेडमध्ये अशी तीस हजार होती.

साल दोन हजार एक. फुलंब्रीच्या बाहेर नानासाहेबांनी त्याच वर्षी हिरव्या जाळीचं शेड उभं करून रोपवाटिका काढली होती. तोवर गावात रोपं मातीच्या वाफ्यात व्हायची. नाना मात्र कुठं तरी बघून आले आणि प्लॅस्टिकचे ट्रे घेऊन आले. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खण, खणात मातीच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. तिथं आम्ही दोघी कामाला होतो. मी, फहमिदा, कोकोपीटातला खार धुऊन काढून ट्रे भरायचे आणि एकेका खणात एकेक बी टाकायचे. पाणी द्यायचं काम आवडामावशीचं.

मावशी पोलीस ॲक्शनच्या सालची. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. "निजामाचं राज गेलं तवा मी पाळण्यात होते," एवढंच सांगायची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन फुलंब्रीत आली. नवरा विहिरीच्या कामावर जायचा, ही घरामागं कांद्याची, वांग्याची, मिरचीची रोपं टाकायची. हळूहळू अर्धं गाव तिच्याकडं बी आणून द्यायला लागलं. बहात्तरच्या दुष्काळात ती कोसभरावरून दोन हंडे पाणी आणायची आणि त्यातलं तांब्याभर वांग्याच्या रोपांना घालायची. सासू, साळूबाई, दारात उभी राहून ओरडायची, "माणसं तहानली अन् हिला वांगी सुचत्यात!" मावशी गप ऐकायची आणि तांब्याभर पाणी घालायचीच. त्या साली गावात वांगं फक्त तिच्या दारात लागलं. साळूबाईनं त्याची भाजी खाल्ली, पण शेवटपर्यंत चांगली झाली म्हणाली नाही.

तर अशा बाईला नानांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती जशी वाफ्यांना पाणी द्यायची तशीच ट्रेंना देई. सकाळी हलकं शिंपण, दुपारी ऊन चढलं की पुन्हा थोडं, संध्याकाळी आणखी एकदा. नळीच्या टोकाला झारीचं बारीक भोकांचं तोंड लावलेलं. पाणी असं पडायचं की पान हलायचं, पण वाकायचं नाही. बघत राहावं असा हात होता तिचा.

पहिले दहा-बारा दिवस रोपं चांगली होती. मग थांबली.

नाना आधी म्हणाले, बी खराब. पण देवगाव रंगारी गावचे शेतकरी कारभारी, ज्यांनी आमच्याकडं दहा हजार रोपं सांगून ठेवली होती, ते बघायला आले तेव्हा म्हणाले, "आमच्या शेजाऱ्यानं हेच बी टाकलंय. त्याची रोपं वीतभर झाली." मग नानांनी खणांवर धरलेलं हिरवं शेवाळ पाहिलं आणि पाणी जास्त होतंय म्हणून ते निम्म्यावर आणायला सांगितलं. मावशीनं आणलं. रोपं आणखीच मलूल झाली. दुपारी तर माना टाकायला लागली.

शुक्रवारी नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"फहमिदा, कोकोपीट किती पाण्यातून काढलं होतं?"

"तीन पाण्यातून, नाना. तुम्ही सांगितलं तसं."

"मग खार राहिला कसा? खार राहिल्याशिवाय रोप असं बसत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तोंड थकलेलं दिसत होतं. "हे सगळं उद्या संध्याकाळी उपटून खड्ड्यात टाकायचं. तू सोमवारपासून येऊ नको. दुसरी बाई बघतो मी."

मी मावशीकडं पाहिलं. ती नळी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी तिसरं पाणी बदलताना तीच तर शेजारी बसून तंबाखू मळत होती.

घरी गेले तर आमचे हे, शफीक, टेम्पो धूत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "क्या हुआ गे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "कल का दिन तो जा." म्हणून शनिवारी गेले, नाहीतर गेलेच नसते.

सकाळचे सात वाजले असतील. मावशी माझ्याआधी आली होती आणि शेडच्या मधल्या ओळीत उकिडवी बसली होती. समोर एक ट्रे तिनं उचलून बाजूला ठेवला होता. ट्रे ठेवलेले होते थेट जमिनीवर, प्लॅस्टिकच्या कागदावर. महिनाभर कुणी ते हलवले नव्हते.

"हिकडं ये," ती म्हणाली. "हे बघ काय हाय."

ट्रेखालच्या कागदावर मुंग्यांनी घर केलं होतं. पांढरी अंडी तोंडात धरून त्या सैरावैरा पळत होत्या. कागदावर धूळ होती. ओल औषधाला नव्हती.

"मुंग्या अशा ओल्यात राहत नाय," मावशी म्हणाली. "मग मी महिनाभर टाकलेलं पाणी गेलं कुठं?"

तिनं खणातलं एक रोप दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. ते कोकोपीटसकट येणार अशी माझी कल्पना. पण वरचा नखभर थर ओला, काळा, रोपाला चिकटून आला आणि खालचा सगळा भुसा कोरडा, लाकडाच्या भुशासारखा, भुरूभुरू तिच्या ओंजळीत पडला. मुळी वरच्या त्या नखभर थरातच गोल फिरलेली. खाली उतरलीच नव्हती. उतरणार कशाला? खाली पाणीच नव्हतं.

मावशीनं पाच ट्रे पाहिले, मग दहा. सगळीकडं तेच. कडेचे ट्रे तर हातात घेतले की रिकाम्या सुपासारखे हलके लागत होते.

ती खाली मांडी घालून बसली. "वाफ्यात खालची माती ओल धरून ठेवती. वरून शिंपडलं तरी भागतं. हितं खाली माती कुठं हाय? हितं टाकलं तेवढंच. अन् मी आपली वरवर शिंपडत बसले. थोडं थोडं, चिमणीला पाजल्यागत." हातातला भुसा झटकून ती म्हणाली, "तुझ्या कोकोपीटात काय खोट नाय, पोरी. काल मला वाटलं होतं, आपला हात चुकायचा नाय. म्हणून गप बसले. रातभर तेच टोचत होतं."

मनातला राग कुठं गेला ते कळलं नाही. तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मीच म्हणाले, "मावशी, नानांना काही सांगू नका. आपण दोघी गुपचूप नीट पाणी देऊ. हवा बदलली म्हणू."

"अन् तुझं काम गेलेलं?"

मी तिनं उपसलेलं एक रोप परत खणात बसवायला लागले.

नानांची मोटारसायकल वाजली तशी ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि सरळ फाटकाशी गेली. मीही मागून गेले. त्यांनी गाडी लावायच्या आतच ती म्हणाली, "नाना, खोट ह्या पोरीच्या कामात नाय. माझ्या पाण्यात हाय. चला, दावते."

नानांनी बघितलं. मुंग्या बघितल्या, कोरडा भुसा बोटांनी चोळला. आता ते मावशीवर भडकणार असं मला वाटलं. पण ते तिथंच, त्या धुळीत, पांढऱ्या विजारीसकट बसले आणि म्हणाले, "म्हणजे रोग नाही?"

"रोग नाय."

"बी चांगलं आहे?"

"बी चांगलं, कोकोपीट चांगलं. रोपं तहानलीत नुसती."

नानांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फहमिदा, मी उगाच बोललो. चुकलं माझं." मी "पाण्याचं बघू आधी," एवढंच म्हणाले.

कोरड्या पडलेल्या कोकोपीटावर वरून पाणी ओतलं तर ते बाजूनं निसटून जातं, आत शिरत नाही. हे आम्हाला पहिल्याच ट्रेनं शिकवलं. मग मावशी म्हणाली, खालून पाजू. विटा लावून, वर कागद अंथरून आम्ही चार बोटं खोल असा एक लांब हौद केला. त्यात ट्रे बसवले. खालच्या भोकांतून पाणी आत जायला लागलं आणि बुडबुडे निघाले. वरचा भुसा हळूहळू काळा होत गेला. तो पुरता काळा झाला की ट्रे काढायचा, विटांवर निथळत ठेवायचा आणि दुसरा बसवायचा. तीनशे ट्रेंना दोन दिवस लागले. नानाही धोतर खोचल्यासारखी विजार वर करून ट्रे उचलत होते.

त्यानंतर पाण्याची रीतच बदलली. ट्रे कायमचे विटांवर आणि बांबूंवर आले, खाली थेंब पडतो की नाही ते दिसावं म्हणून. पाणी सकाळी, एकदाच, पण खालून ठिबकेपर्यंत. नळीत उन्हानं तापलेलं पाणी आधी बाहेर सोडायचं, हाताला गार लागलं की मगच रोपांकडं वळायचं. आणि पुढचं पाणी घड्याळ बघून नाही, ट्रे उचलून. जड लागला तर राहू द्यायचा, हलका लागला तर द्यायचं. कडेच्या ओळींना वारा लागतो, त्यांना मधल्यांपेक्षा जास्त. मावशी पुढं नऊ वर्षं तिथं होती. नवी बाई कामाला आली की तिच्या हातात आधी एक जड आणि एक हलका ट्रे द्यायची आणि सांगायची, "मी तीस हजार रोपं उपाशी ठेवली होती बाई. तू तसं करू नको."

पण ते पुढचं. त्या आठवड्यात तिला चैन पडत नव्हती. संध्याकाळ झाली की तिचा हात आपोआप नळीकडं जायचा. मी म्हणायचे, "मावशी, ट्रे जड आहे." ती हात मागं घ्यायची, पण शेडमधून जायची नाही.

सहाव्या दिवशी माना टाकणं थांबलं. नवव्या दिवशी मधल्या ओळीत मला शेंड्यावर दोन कोवळी पानं दिसली, हिरवी, चकचकीत. मी हाक मारली. मावशी आली, वाकून बघितलं, आणि शेजारच्या खणातलं रोप हळूच उपसलं. या वेळी कोकोपीटाचा अख्खा गड्डा वर आला आणि त्याच्याभोवती पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, नुकत्याच लागलेल्या दह्यासारखं ताजं. तिनं तो गड्डा परत खणात बसवला, बोटानं दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. "उतरली गं बाई," म्हणाली, "मुळी खाली उतरली."

कडेच्या चाळीसेक ट्रेमधली रोपं गेली ती गेलीच. बाकीची वाढली. कारभारींना नानांनी खरं काय ते सांगून दहा-बारा दिवस थांबायला सांगितलं होतं. ते कुरकुरले, पण थांबले. न्यायला आले तेव्हा त्यांनी तीन-चार ठिकाणची रोपं स्वतः उपसून बघितली, देठ बोटात दाबून बघितला.

"शेजाऱ्याच्यापेक्षा मुळी बरी हाय," ते म्हणाले. "उंचीला जरा कमी हायत, पण चालतंय. द्या."

ट्रे आमच्याच टेम्पोत भरले. शफीकनी ताडपत्री बांधली, कारभारी पुढं बसले आणि टेम्पो देवगावच्या रस्त्याला लागला.

दुपारचे चार वाजले होते. शेड निम्मं रिकामं झालेलं, जाळीतून वारा येत होता. मावशी हात धुऊन लिंबाखाली बसली आणि म्हणाली, "फहमिदा, तुझ्या डब्यात काय हाय?"

"तुम्ही सकाळी जेवला नाहीत?"

"महिनाभर जेवते कुठं? तोंडात घालते अन् उठते. आता भूक लागली."

माझ्याकडं दोन भाकरी आणि डाळ होती, तिच्याकडं ठेचा आणि कांदा. नाना चहा सांगायला गेले होते. आम्ही बसून सगळं खाल्लं, आणि मावशीनं माझी अर्धी भाकरीही घेतली.