पैठणच्या शेतातली बॅटरी आणि भाऊजींची आग्नेय

पैठणजवळच्या आमच्या शेतातल्या घरापर्यंत विजेची तार पोचलेली नाही, आणि पोचेल अशी आशा आता फक्त आमच्या ह्यांनाच आहे. मला मात्र तिथंच राहायला जायचंय. अट एकच: फ्रिज रात्रंदिवस चालला पाहिजे, कारण त्यात माझं इन्सुलिन असतं. सोलरच्या प्लेटा छपरावर चढल्या होत्या, बॅटरी राहिली होती. ती घ्यायला शनिवारी निघालो. बरोबर माझे दीर. भाऊजींना कुणी बोलवत नाही, ते येतात.

शहागंजाच्या बाजारात जायचं तर गाडी अलीकडंच कुठंतरी लावा आणि रिक्षा करा. आम्ही आत घातली आणि तासभर हॉर्न ऐकत बसलो. दुकानदार गोड बोलणारा. शिशाची बॅटरी दाखवली तर "बाजी, ये तो पत्थर है", म्हणजे दगडासारखी टिकाऊ, लिथियमची दाखवली तर तीही पत्थरच. खोदून विचारल्यावर कळलं ते सांगते, तुमच्या कामी येईल. शिशाची स्वस्त, पण तिच्यात पाणी घालत राहावं लागतं आणि चार्ज निम्म्याखाली उतरवत गेलं की लवकर मरते. लिथियम महाग, पण जवळजवळ सगळी वापरता येते, टिकतेही जास्त. फक्त तिला उकाडा सोसत नाही, फार तापली की आपणहून बंद होते. ह्यांचा जीव स्वस्तात अडकला होता. पाणी कोण घालणार, एवढंच मी विचारलं. लिथियम घेतली.

रविवारी पैठण रस्ता. वाटेत पिठलं-भाकरी जरूर खा, ठेचा जरा जपून. शेतावर पोचताच भाऊजींनी मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. बॅटरी म्हणजे अग्नी, म्हणून ती आग्नेयेलाच. आमच्या आग्नेयेला पत्र्याची खोली आहे, तिथं उन्हाळ्यात नुसते ठेवलेले पापड भाजून निघतील. मी तसं बोलले. भाऊजी नुसते हसले. हे भावापुढं लई गुणाचे, ह्यांनी वायरिंगवाल्याकडून बॅटरी तिथंच बसवून घेतली. मग हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत झालं.

दुपारी जेवून उठलो तर पंखा थांबलेला, फ्रिज मुका. बाहेर रखरखीत ऊन. भाऊजींनी नजर लागल्याचं निदान केलं आणि लिंबू-मिरची शोधायला गेले. मी इन्सुलिनची डबी माठाला टेकवून ओल्या फडक्यात गुंडाळली. एवढा पैसा ओतून शेवटी माझा जीव माठाच्या भरवशावर.

घरात थंड जागा एकच, ईशान्येचं देवघर. जाड दगडी भिंती, वर स्लॅब, बाहेर कडुलिंब. मी देव्हाऱ्याला हात घातला तेवढ्यात भाऊजी लिंबं घेऊन परतले.

"वहिनी, देव पत्र्याखाली?"

"देवांना इन्सुलिन लागत नाय, भाऊजी. त्या बाजूनं धरा."

धरलं ते ह्यांनी. भावाकडं न बघता. वायरिंगवाल्याला परत बोलावलं, आणि दिवस मावळायच्या आत बॅटरी देवघरात गेली, फ्रिज पुन्हा घुरघुरायला लागला.

आता शहरात येऊन सामान बांधतेय. काल नणंदेचा फोन आला. बॅटरीला ईशान्यच हवी, हे म्हणे भाऊजींनी आधीच ओळखलं होतं. ओळखू देत. तुम्ही बॅटरी घ्याल तेव्हा घरातली सगळ्यात थंड खोली आधी शोधा, आणि सगळ्यात शहाणा नातेवाईक घरीच ठेवून जा. राहिले देव. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मी एक छोटा पंखा लावणार आहे. त्याच बॅटरीवर.