कॅमेऱ्यासमोर पुसलेलं कुंकू

नलू लांजेवार नटी होती असं मी सांगितलं की माझी नातवंडं हसतात. "कौनसी पिक्चर में थी, आजी?" म्हणतात. पिक्चर एकच होतं आणि त्यात ती चहाला उकळी येईल इतका वेळही दिसत नव्हती. पण तेवढ्या वेळाने तिचं उरलेलं आयुष्य खाल्लं, म्हणून सांगते. हसायचं असेल त्याने आधीच हसून घ्यावं.

आम्ही दोघी सत्तावन्न साली भिलाईत आलो. दोघी भंडाऱ्याकडच्या, दोघींचे नवरे एकाच गँगमध्ये खलाशी. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं; इथले खलाशी लोखंडी गर्डर दोरांनी बांधून वर चढवत. कारखाना उभा व्हायचा होता, सगळीकडे लाल माती उडत होती, भातातही तीच कचकचायची. नलू सुरुवातीला रेजा म्हणून मातीची घमेली वाहायची. पुढे तिचा नवरा बाबुलाल परमनंट झाला, आम्हाला शेजारी शेजारी क्वार्टर मिळाले, आणि तिच्या सासूने, कौशल्याबाईने, तिचं घमेलं सोडवलं. म्हातारी तोंडाने फाटकी होती, पण सुनेवर तिचा जीव होता. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या घालाल.

नलूचा बाप गावच्या दंडारीत बायकांची सोंगं घेऊन नाचायचा. पोरीबाळींनी ती सोंगं लांबून बघायची, एवढीच मुभा. नलूने लांबून बघून सगळी पाठ केली होती. बोलता बोलता ती बापासारखी मान वळवायची तेव्हा मला समोर दुसरीच बाई बसल्याचा भास व्हायचा.

इथे गणपतीत आमच्या मराठी मंडळाचे गुलाबराव नाटक बसवत. पडदा सहालाच वर जायचा, कारण रात्रपाळीच्या माणसांना भोंग्याच्या आत निघावं लागे. बायकांची कामं तेजराम करायचा. हा मशीन शॉपमधला फिटर, लुगड्यात बरा दिसायचा, पण दर भाद्रपदात मिशी काढावी लागते म्हणून कुरकुरायचा. तालीम आमच्या क्वार्टरांच्या मागे चाले. एकोणसाठ साली ऐन नाटकाच्या दिवशी तेजरामला दुसरी पाळी लागली. गुलाबराव डोक्याला हात लावून बसले. नलू भांडी टाकून ओल्या हाताने त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मले येते सारं," ती म्हणाली. "लुगडंबी माहंच हाय."

कौशल्याबाई दारातून ओरडली, "जा, पन डोक्यावरचा पदर पडला तं तंगडं मोडीन!"

पदर पडला नाही. नाटक हसवणारं होतं. लोकांनी एकेक प्रवेश दोनदोनदा करायला लावला, आणि भोंग्यानंतरही काही खलाशी उठेनात. तेजरामने दुसऱ्याच दिवशी मिशी वाढवायला घेतली.

पण पुढच्या वर्षी त्याला ती पुन्हा काढावी लागली. गुलाबरावांनी रडवणारं नाटक घेतलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक मरतो आणि तिसऱ्यात त्याची बायको कुंकू पुसते, बांगड्या फोडते. आता सवाष्ण बाईने चारचौघांत कुंकू कसं पुसायचं? सोंगातही नाही. मग मंडळाने असं ठरवलं की पहिले दोन अंक नलूने करावे आणि नवरा मेला की तेजरामने पांढरं लुगडं नेसून यावं. एकच बाई, मध्यंतराआधी नलू आणि नंतर तेजराम. शहाण्या माणसाला हे ऐकून हसू येईल. आमच्यात कोणाला आलं नाही, लोक तेजरामकडे बघून मनसोक्त रडले.

नलू मात्र पडद्यामागे उभी राहून जळत होती. तेजरामचं एकेक वाक्य तिच्या ओठांवर हलत होतं.

"रडाची वेळ आली का मले हाकलतेत," ती मला म्हणाली. "वयनी, तो तिसरा अंक माह्या अंगात भरून बसला हाय. त्याले निंगाले जागा पाह्यजे."

बासष्टच्या हिवाळ्यात जागा मिळाली. मुंबईची एक फिल्म कंपनी मजुरांच्या जीवनावर पिक्चर काढायला आली होती. एका प्रसंगात मजूर मरतो आणि त्याची बायको मैदानात त्याच्यासमोर बसून कुंकू पुसते. त्यांनी आणलेली बाई धुळीने आजारी पडून परत गेली. कोणीतरी नलूचं नाव सांगितलं.

घरात रणकंदन झालं. कौशल्याबाई म्हणाली, "माहा पोरगा जित्ता हाय. त्याच्या जित्तेपनी कुकू पुसते काय?" नलू जेवेनाशी झाली. बाबुलाल मुखदुर्बळ माणूस, पण बायकोच्या नाटकावर मनातून फिदा. शेवटी त्यानेच आईची समजूत घातली. म्हातारीने एक अट घातली. कुंकू पुसल्यावर नलूने कोणाचं तोंड पाहायच्या आत बाबुलालने आपल्या हाताने तिला कुंकू लावायचं. नवऱ्याने लगेच लावलं की पुसलेलं पुसलेलं राहत नाही, असं तिचं म्हणणं. कुठल्या पोथीत आहे हे कोणी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना ते पटलं, मलासुद्धा.

शूटिंग भरदुपारी झालं. मीही गेले होते. बाबुलाल हातात करंडा घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभा. पिक्चर काढणारा साहेब "कट" म्हणाला की नलू डोळे मिटून घ्यायची आणि हा धावत जाऊन कुंकू लावायचा. कंपनीची पोरं पोट धरून हसत होती. साहेबाचं काही मनासारखं होईना. "एक बार और, बहनजी." पुन्हा पुसणं, पुन्हा बांगड्या, पुन्हा बाबुलालची धावपळ. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. भोंगा झाला तसा तो चुळबुळायला लागला.

"जा तुमी," नलू म्हणाली. "झालंच आता."

त्याने करंडा माझ्या हातात दिला आणि सायकलवर बसून गेला. तो वळणाआड होतो न होतो तोच साहेब म्हणाला, आणखी एकदा. नलूला नाही म्हणता आलं असतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग जाऊन मातीत बसली.

आधीच्या वेळी तिचं अर्धं लक्ष करंड्याकडे असायचं. या वेळी ते नव्हतं. तिने हात कपाळाकडे नेला तो इतका सावकाश की वाटलं तिथवर पोचूच नये. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने हसणारी पोरं गप्प झाली. साहेब "कट" म्हणायला विसरला. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, मला आनंदही झाला. पोरीने आपला तिसरा अंक केला होता.

मग ती उठली, माझ्या हातातला करंडा घेतला आणि आपल्याच बोटाने कुंकू लावलं. घरी गेल्यावर म्हातारीने पहिला प्रश्न तोच केला, "आखरीचं कुकू कोनं लावलं?" नलूला खोटं बोलता येत नसे, ती फक्त नटी होती. तिने खरं ते सांगितलं. रात्री बाबुलालने घरी येऊन हसत हसत पुन्हा कुंकू लावलं, तरी म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या उन्हाळ्यात बाबुलाल कुम्हारीला बहिणीकडे गेला होता. परत येताना हायवेवर त्याच्या सायकलला ट्रकने उडवलं. संध्याकाळी माणसं त्याला उचलूनच घरी घेऊन आली. आता यात कुंकवाचा काय संबंध? ट्रकवाल्याने पिक्चर पाहिलं होतं काय? पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी अंगणात जमलेल्या एकूणएक बाईच्या मनात एकच गोष्ट होती, आणि माझ्याही होती.

बायांनी नलूला त्याच्यासमोर आणून बसवलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, नाटकात बघतात तशा. नलूने हात वर उचलला आणि कपाळापाशी तो थांबला. मग तिने पटकन, भांड्यावरची राख पुसावी तसं कुंकू पुसून टाकलं. बांगड्या दुसरीने फोडल्या. डोळ्यांतून टिपूस नाही.

"कॅमेऱ्यापुढं गळा काढला," कौशल्याबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आन् माह्या लेकासाठी पानी नाही इच्या डोयात."

तेरवी झाल्यावर नलू मला म्हणाली, "वयनी, हात उचलला न मी, तं तो तसाच उचलला गेला. तवासारखाच, हळूहळू. मले वाटलं, हे तं मी करून चुकली. आता केलं तं त्यायच्यापुढं सोंग होईन. मले माह्याच रडन्याची लाज वाटली."

क्वार्टर सुटलं. सासू-सून कॅम्पातल्या, म्हणजे मजुरांच्या जुन्या वस्तीतल्या, एका खोलीत राहायला गेल्या. नलूला एका शाळेत पाणी भरायचं काम मिळालं. म्हातारी तिच्या हातचं खायची, पण तिच्याशी बोलायची नाही. जे सांगायचं ते चुलीला सांगायची. गणपती जवळ आले तसे गुलाबराव त्यांच्याकडे गेले. माणूस मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "वयनीबाई, नाटक तेच हाय. आता तिसरा अंक तुमी करू शकता. पयल्या दोन अंकाले दुसरी पोरगी पाहू." नलूने त्यांना चहा करून दिला आणि नाही म्हणून सांगितलं. पुन्हा स्टेजवर ती चढली नाही.

पिक्चर चौसष्टमध्ये आलं. कॅम्पच्या मैदानात दिवेलागणीला पडदा बांधून दाखवलं. नलूला यायचं नव्हतं. कौशल्याबाई निघाली म्हणून तिला यावं लागलं. मी दोघींच्या मध्ये बसले. पडद्यावर ती आली, मैदानभर मोठी. साहेबाने शेवटचंच घेतलं होतं. तो हात सावकाश कपाळाकडे गेला आणि सगळं मैदान हुंदके द्यायला लागलं. मी म्हातारीकडे पाहिलं. ती तोंड उघडं टाकून बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

खोलीवर आल्यावर ती बाबुलाल गेल्यापासून पहिल्यांदा सुनेशी बोलली.

"असंच रड न वो," ती म्हणाली. "एकडाव माह्या बाबुलालसाठी. मले आयकाचं हाय."

नलू माझ्याकडे बघायला लागली. मला खाली बघावं लागलं. मग ती भिंतीला लावलेल्या बाबुलालच्या फोटोसमोर बसली आणि रडली. तोच हात, तोच आवाज. म्हातारीने तिला कुशीत ओढून घेतलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, सुटली बिचारी.

सुटली नाही. दर पितृपक्षात बाबुलालचं पान वाढलं की कौशल्याबाई आजूबाजूच्या बाया बोलावून आणायची. "आमची नलू कशी रडते थे पाहा," म्हणायची, त्यात सुनेचा अभिमान असायचा. आणि नलू रडायची. बाया डोळे पुसत, जेवत आणि घरी जात. म्हातारी त्या दिवशी सुनेला आपल्या हाताने भरवायची. यात दुष्ट कोणीच नव्हतं, म्हणून मला कोणावर ओरडताही येत नव्हतं.

अडुसष्टमध्ये कौशल्याबाई गेली. त्या पितृपक्षात बाया सवयीने आल्या. नलूने सगळ्यांना पोटभर वाढलं आणि वाटेला लावलं. मग आम्ही दोघीच उरलो. फोटोसमोरचं पान तसंच होतं.

मी म्हणाले, "नलू, आता तरी त्याच्यासाठी खरं रडून घे वो. कोनी पाहून नाही राहिलं."

ती फोटोकडे बघत होती. "तेच तं, वयनी," ती म्हणाली. "कोनी पाहून नाही राहिलं, म्हनून येतच नाही."