आईने दूधही सोडलं तेव्हा

माझा धाकटा भाऊ पनवेलजवळ हायवेवर ट्रकखाली येता येता वाचला, पण जबर जखमी झाला. तो दवाखान्यात असताना आईने देवाला शब्द दिला आणि मासळी सोडली. आम्ही आगरी. सुकटीशिवाय तिचा घास उतरत नसे, पण शब्द म्हणजे शब्द. मटण, अंडी त्याबरोबरच गेली. पुढे तिला खोकला लागला. दुधाने कफ वाढतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून दूध-दहीही बंद झालं. कोरा चहा, वरणभात आणि तांदळाची भाकरी यांवर ती चार-पाच वर्षं राहिली. आम्ही ते चार लोकांत कौतुकाने सांगायचो.

एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ती तशीच पुढे चालत जायची. जीभ इतकी हुळहुळायची, की तिने मिरची सोडली. एकदा मला तिने मावशीच्या नावाने हाक मारली, आणि मी घाबरले. शेजारचे लकवा म्हणत होते, मावशी बाहेरचं काही झालंय म्हणत होती. एका संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "ताई, माझ्यापायी तिचं हे झालं असंल, तर मी काय करू?"

आम्ही तिला रिक्षाने गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी जीभ बघितली. ती लालभडक आणि गुळगुळीत झाली होती. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर आईचा तोल गेला. भावाने तिला धरलं. मग ती काय काय खात नाही, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

तिच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व जवळजवळ उरलंच नव्हतं. ते मासळीत, मटणात, अंड्यात, दुधात असतं, धान्यात-भाजीत नसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते, हेही सांगितलं. आई हट्टाने म्हणाली, "मी मासली खानार नाय."

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आजी, देवाला दुधाचं काही बोलला होतात?"

तिने जरा विचार केला. "नाय. दुधाचा काय बोलले नाय."

"मग दूध-दही घ्या. बाकीचं इंजेक्शनवर सोडा."

भाऊ तिथेच बाकावर बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला. इंजेक्शनचा लाल रंग बघून आईने त्यात मासळी नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने अशा सुया सुरू झाल्या. महिनाभरात जीभ बरी झाली, माणसं नीट ओळखू यायला लागली. पायांना वेळ लागला. डाव्या अंगठ्यातली बधिरता तर पुरती गेलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती घरात दिसेना. आम्ही शोधाशोध केली. दुपारी मावशीचा तिच्या आपटा गावाहून निरोप आला, की आई एकटीच एसटीने तिच्याकडे पोचली आहे आणि ताक पिऊन झोपली आहे. भाऊ तिला आणायला गेला. जाताना खूप चिडला होता. परत आला तो हसतच; एसटीतून उतरून मावशीच्या घरापर्यंत आई स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.